ट्वायलाइट: कथानक बेताचे, तरी दोन रात्रींत संपले. पुढचे भाग वाचावेत का?

सरीवर सर

नमस्कार. करसल्लागाराच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाचा सप्टेंबर महिना कसा जातो, हे त्या धंद्यातल्यांना सांगायला नको. दिवसभर खतावण्या आणि ताळेबंद पाहून रात्री घरी आल्यावर कोणतेही वजनदार पुस्तक उघडले, की दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. अशा दिवसांत भाचीच्या कपाटात स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' सापडली. २००५ साली आलेली ही कादंबरी सगळ्या जगाने वाचून, डोक्यावर घेऊन आणि नंतर तिची टिंगलही करून झाल्यावर मी ती पहिल्यांदा हातात घेतली आणि जवळजवळ पाचशे पाने दोन रात्रींत संपवली. पुस्तक मिटल्यावर मात्र आपण एवढे जागून नेमके काय वाचले याचा मेळ बसेना, आणि मेळ बसल्याशिवाय वही मिटायची नाही ही आमच्या धंद्याची खोड आहे. म्हणून हा धागा काढला. पुढे कथेचा शेवटही सांगितला आहे, तेव्हा ज्यांना वाचायची आहे त्यांनी जपून.

बेला नावाची सतरा वर्षांची मुलगी ॲरिझोनातले रखरखीत फीनिक्स सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या चिमुकल्या गावी, तिथे पोलीसप्रमुख असलेल्या वडिलांकडे राहायला येते. शाळेत हिला धरून अवघी ३५८ मुले. त्यांत एडवर्ड कलन हा कमालीचा देखणा मुलगा भेटतो, तो व्हॅम्पायर निघतो, आणि दोघे प्रेमात पडतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शिकागोत मरायला टेकलेल्या एडवर्डला कार्लाइल नावाच्या व्हॅम्पायर डॉक्टराने आपल्यासारखे करून घेतले, तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच आहे. एवढ्यावर तीन-चतुर्थांश पुस्तक चालते.

माझी मुख्य तक्रार बांधणीची आहे. जेम्स नावाचा शिकारी व्हॅम्पायर बेलाच्या मागे लागतो तो चोवीस प्रकरणांपैकी थेट अठराव्या प्रकरणात. तोवर शाळा, जेवणाची सुट्टी, जीवशास्त्राचा तास, गाडीतून घरी सोडणे आणि 'माझ्यापासून दूर राहा' असे बजावून पुन्हा शेजारी येऊन बसणे, एवढाच उद्योग चालू असतो. मग घाईघाईने पाठलाग, फीनिक्स, नृत्यशाळेतली गाठ. आणि ज्या झुंजीसाठी आपण श्वास रोखून बसलो, ती सुरू होण्याआधीच बेलाची शुद्ध हरपते. कथा तिच्याच तोंडून चाललेली असल्यामुळे वाचकालाही तिच्याबरोबर बेशुद्ध व्हावे लागते. शुद्ध येते तेव्हा एडवर्ड आणि त्याचे कुटुंबीय हजर असतात, आणि खलनायकाचा निकाल आपल्या पाठीमागे लागून गेलेला असतो. मुहूर्त टळून पंगतीही उठल्यावर लग्नघरी पोचावे, तशी माझी अवस्था झाली. एडवर्डच्या रूपाचे वर्णन तर इतक्या वेळा येते, की त्यासाठी वेगळे खाते उघडावे लागेल.

तरीही खरे सांगायचे तर त्या दोन रात्री आयकर कायद्याचे एकही कलम माझ्या डोक्यात आले नाही, आणि गेल्या महिन्याभरात हे दुसऱ्या कशानेही साधले नव्हते. फोर्क्समध्ये वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. बेला त्याबद्दल ज्या सुरात कुरकुरते, ते वाचून चिपळूणला वाढलेल्या मला हसूच आले, कारण आमच्याकडे एवढा पाऊस दिवाळीच्या आत पडून मोकळा होतो. पण बाहेर सर कोसळत असताना पुस्तकातही पाऊस पडत असला की बरे वाटते, हे मान्य करायला हवे. तर प्रश्न असा: इतक्या बेताच्या कथेत माणसाला गुंतवून ठेवणारे नेमके काय आहे? आणि पुढचे भाग घ्यावेत, की जे मिळाले तेवढ्यावर समाधान मानावे?

पोफळी

तुमचा मेळ बसत नाही, कारण ही नोंद तुम्ही भयकथेच्या खात्यावर टाकली आहे. ती प्रेमकथेच्या खात्यावर घेतली तर बाकी बरीच जुळते.

मायर यांनी स्वतःच सांगितले आहे, की २ जून २००३ रोजी त्यांना एक स्वप्न पडले: जंगलातल्या मोकळ्या कुरणावर एक साधी मुलगी आणि उन्हात चमचमणारा एक व्हॅम्पायर बोलत उभे आहेत, त्याला तिच्याविषयी प्रेम वाटते आहे आणि त्याच वेळी तिच्या रक्ताची तहानही अनावर होते आहे. तेव्हा त्यांच्या पदरी तीन लहान मुलगे होते. सकाळी उठून त्यांनी ते संभाषण लिहून काढले, तिथून शेवटापर्यंत गेल्या आणि मग मागे वळून सुरुवात लिहिली. तेच स्वप्न आज पुस्तकाचे तेरावे प्रकरण आहे. हे कळल्यावर मला या कादंबरीचा आकार उमगला. पहिली बारा प्रकरणे त्या कुरणापर्यंत पोचण्याची वाट आहे, आणि पुढची अकरा प्रकरणे 'आता काहीतरी घडायला हवे' म्हणून आलेली आहेत. जेम्स उशिरा येतो, कारण स्वप्नात तो नव्हताच.

त्या वाटेवरचा एक प्रसंग आठवून पाहा. जीवशास्त्राच्या तासाला वर्गात अंधार करून चित्रफीत लावतात. बेला आणि एडवर्ड एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात. कोणी कोणाला शिवत नाही. तिला त्याच्या हाताला हात लावावासा इतका वाटतो, की ती हाताची घडी घालून मुठी आवळून बसते. चोरून शेजारी पाहते, तर तोही तसाच घडी घालून, मुठी आवळून बसलेला. तास संपतो, दिवे लागतात आणि दोघे सुटकेचा श्वास टाकतात. घटना म्हणून हे शून्य आहे, पण महाविद्यालयाच्या वर्गात कोणाच्या तरी शेजारी असा एखादा तास काढलेला माणूस ते पान ओलांडून सहज पुढे जाईल असे मला वाटत नाही. मारामारी लिहिणे मायर यांना जमत नाही. हे मात्र जमते.

आता तो चमचमणारा, निरुपद्रवी व्हॅम्पायर. आपल्याकडच्या भुतांशी व्यवहार कसा असतो ते पाहा. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही, राखणदार वर्षाचा मान मिळाला की गप्प बसतो, हडळीची वाट तिन्हीसांजेला टाळली की भागते. नारळ, कोंबडा, ठरलेली वेळ, ठरलेली हद्द. त्यात प्रेमात पडायला फटच राहत नाही. एडवर्ड मात्र सोवळ्यातला व्हॅम्पायर आहे. मधली काही बंडखोर वर्षे सोडली, तर पाऊण शतकाहून अधिक काळ त्याने माणसाच्या रक्ताचा उपवास धरला आहे, हे कुटुंब थट्टेने स्वतःला शाकाहारी म्हणवते, आणि अशा उपवासकऱ्यासमोर पंचपक्वान्नांचे ताट येऊन बसते. बरे, ताटाचाच आग्रह की घास घ्या, आणि हा पाणी पिऊन उठतो! तुमच्या दोन रात्री त्या ताटावर गेल्या आहेत. घास घेतला असता तर पुस्तक शंभराव्या पानावर संपले असते.

चष्मेबहाद्दर

वरचे विवेचन गोड आहे, पण इतकी सूट मी या पुस्तकाला देणार नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर वाढलेल्या माणसाला चारशे पाने वाट पाहायला लावून मोक्याच्या क्षणी निवेदिकेला बेशुद्ध करणे हा शुद्ध आळस वाटतो. मतकरी दहा-बारा पानांच्या गूढकथेत घरातली साधी वस्तू अशी काही फिरवतात, की रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटते. इथे मात्र घरभर व्हॅम्पायर असून कोणाला साधा काटा येत नाही. शिवाय पात्रे सरळ बोलत नाहीत. पुटपुटतात, कुजबुजतात, गुरगुरतात आणि उसासे टाकतात.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. बेलाशी धड ओळख होण्याआधीपासून एडवर्ड रात्री तिच्या नकळत तिच्या खोलीत येतो आणि ती झोपेत काय बडबडते ते ऐकत बसतो. हे कळल्यावर तिला राग येतो तोही घटकाभर, आणि काळजी वाटते ती एवढीच, की झोपेत आपण काय बोललो असू. आपल्या गल्लीत असा तरुण सापडला तर काय होईल ते सांगायला नको. इथे तर मुलीचा बाप गावचा पोलीसप्रमुख आहे आणि पलीकडच्या खोलीत घोरतो आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिने हे पुस्तक वाचायला घेतले, तेव्हा मी ते काढून घेतले नाही, कारण काढून घेतलेले पुस्तक पांघरुणात विजेरी लावून वाचले जाते हे मला स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. पण त्या प्रकरणाबद्दल जेवणाच्या टेबलावर आमचे सविस्तर बोलणे झाले.

सरीवर सर

चष्मेबहाद्दर, त्या प्रकरणाशी मीही अडखळले होते. सतराव्या वर्षी वाचले असते तर कदाचित अडखळले नसते, आणि तुमचा मुद्दा नेमका तोच आहे, हे मान्य. गंमत अशी की ज्या भाचीचे हे पुस्तक आहे, ती आता चोवीस वर्षांची आहे आणि त्या प्रसंगावर तुमच्याहून जास्त हसते, तरी पुस्तक कोणाला देऊन टाकायला तयार नाही. पोफळी, जीवशास्त्राचा तास पुन्हा वाचला. तुमचे पटले, पण जेम्सची उधारी अजून वसूल व्हायची आहे.

माहेरवाशीण

सगळ्यांनी शाई एडवर्डवर खर्च केली, म्हणून थोडी चार्लीवर, म्हणजे बेलाच्या वडिलांवर. बायको घर सोडून गेल्याला कितीतरी वर्षे झाली. तिने अठरा वर्षांपूर्वी, घरात थोडे ऊन यावे म्हणून, स्वयंपाकघरातल्या कपाटांना पिवळा रंग दिला होता. तो अजून तसाच आहे. या माणसाला धड स्वयंपाक येत नाही, बोलता तर त्याहून येत नाही. मुलगी आल्यावर तिच्यासाठी तो एक जुनी लाल ट्रक घेऊन ठेवतो आणि आभार मानले गेले की लाजतो.

तिसऱ्या प्रकरणात एका सकाळी रस्त्यावर बर्फाची काच झालेली असते. बेला जीव मुठीत धरून ट्रक चालवत शाळेत पोचते, पण गाडी कुठेच घसरत नाही. उतरून मागे जाऊन पाहते, तर चाकांना बारीक साखळ्या चौकटी-चौकटींनी आवळून बसवलेल्या. बाप कोण जाणे किती पहाटे उठून हे करून, एक शब्दही न बोलता कामावर गेला आहे. मुलीचा गळा दाटून येतो, आपली काळजी दुसऱ्या कोणी वाहण्याची तिला सवयच नाही, आणि ती तिथेच उभी असताना समोरून एक व्हॅन घसरत येते. व्हॅन हाताने अडवणारा एडवर्ड पुढच्याच पानावर येतो आणि सगळे श्रेय घेऊन जातो.

सरीवर सर, तुम्ही विचारले की गुंतवून ठेवणारे काय आहे. माझ्यापुरते उत्तर असे, की या पुस्तकात प्रत्येक जण बेलाची काळजी घेण्यासाठी धडपडतो आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांची काळजी वाहून थकलेल्या वाचकाला तिच्या जागी बसून घेण्यासारखे दुसरे सुख नाही. तीही घरी आल्यावर बटाटे सोलते, वडिलांसाठी रात्रीचा स्वयंपाक करते, कपडे धुते. म्हणून तर तिच्या जागी बसणे सोपे जाते. साहित्य म्हणून याचे मोल किती ते चष्मेबहाद्दर ठरवोत.

सिएटलवासी

मी सिएटलला राहतो आणि इथून साडेतीन-चार तास गाडी हाकत फोर्क्सला दोनदा जाऊन आलो आहे. पहिल्यांदा बायकोच्या हट्टापायी, दुसऱ्यांदा स्वतःहून. मूळचे हे लाकूडतोडीचे गाव आहे. मायर यांनी अमेरिकेतले सर्वाधिक पावसाचे ठिकाण इंटरनेटवर शोधून हे गाव निवडले आणि बहुतेक कादंबरी ते न पाहताच लिहिली. आज माहितीकेंद्राबाहेर बेलाची लाल ट्रक उभी असते आणि दर सप्टेंबरात, तिच्या वाढदिवसाच्या, म्हणजे १३ तारखेच्या सुमारास, गावात उत्सव भरतो. चित्रपटाचे चित्रीकरण मात्र मुख्यतः ऑरेगनमध्ये झाले, त्यामुळे पडद्यावरची शाळा शोधत आलेल्यांची निराशा होते. पावसाबद्दल चिपळूणकरांनी फार मिशीला पीळ भरू नये. आकडा ३००० च असला तरी तो पाऊस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, प्रशांत महासागरावरून येऊन ऑलिम्पिक डोंगरांना अडून, थंडीत झिरपत राहतो. सह्याद्रीसारखा तो कोसळून मोकळा होत नाही. सलग तीन आठवडे ऊन दिसले नाही म्हणजे बेलाची कुरकुर पटू लागते, आणि उन्हाला चुकवणाऱ्या कुटुंबाने हेच गाव का निवडले तेही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. जेकब, म्हणजे चार्लीच्या मित्राचा मुलगा, ज्या क्विल्यूट या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांतला आहे, ते कल्पित नाहीत. फोर्क्सपासून जवळच समुद्रकाठी ला पुश येथे त्यांची वस्ती आहे. आपले मूळ लांडग्यांत आहे आणि एका रूपपालट घडवणाऱ्या शक्तीने त्यांची माणसे केली, अशी त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. मायर यांनी लांडग्याचे तेवढे सूत्र उचलले आणि त्यावर व्हॅम्पायरांशी वैराची व तहाची स्वतःची कथा चढवली. दहा कोटींहून अधिक प्रती खपलेल्या मालिकेमुळे क्विल्यूट लोकांना आता बाहेरच्यांपुढे आपली खरी कथा सांगण्याआधी ती उसनी कथा पुसावी लागते. सिएटलच्या बर्क संग्रहालयाने तर केवळ यासाठी एक संकेतस्थळ केले. ला पुशची सखल वस्ती त्सुनामीच्या टापूत येते. २०१२ साली अमेरिकी संसदेच्या कायद्याने उंचावरची जमीन मिळाली आणि शाळेपासून स्थलांतराला सुरुवात झाली. दुसऱ्या भेटीत मी पर्यटकांची छायाचित्रे घेण्याऐवजी तिथल्या किनाऱ्यावर बसून राहिलो. पुस्तक वाईट आहे असे मला म्हणायचे नाही; करमणुकीसाठी घेतलेल्या या गावात खरी माणसे राहतात, इतकेच.

फिरते वाचनालय

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले. मी पुस्तके भाड्याने देते, त्यामुळे ही मालिका अर्ध्यात परत करणारे आणि चारही भाग एकदम नेणारे, दोन्ही प्रकारचे लोक पाहिले आहेत.

दुसरा भाग, 'न्यू मून', २००६ चा. त्यात एडवर्ड बेलाला सोडून जातो आणि पुढे चार पानांवर फक्त ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी महिन्यांची नावे छापलेली आहेत, बाकी पान कोरे. मालिकेतली ही एकच युक्ती मला खरोखर आवडली. ज्यांना पहिल्या भागातले रेंगाळणे आवडले त्यांना यातले जेकबबरोबरचे दिवस आवडतात. ज्यांना फक्त एडवर्ड हवा असतो, ते पुस्तक आठवडाभरात परत आणतात. तिसऱ्यात, २००७ च्या 'इक्लिप्स'मध्ये, तिघांची ओढाताण आहे. चौथ्याविषयी, २००८ च्या 'ब्रेकिंग डॉन'विषयी, सरीवर सर यांना आधीच सावध करते. त्यात लग्न आहे, मूल आहे, आणि शेवटी जगभरातून व्हॅम्पायर गोळा करून जंगी लढाईची तयारी होते. मग दोन्ही बाजू बर्फात समोरासमोर उभ्या राहतात, बोलणी होतात आणि सगळे आपापल्या घरी जातात. पहिल्या भागात निदान बेशुद्ध पडायचे निमित्त तरी होते. २०२० साली आलेल्या 'मिडनाइट सन'मध्ये पहिल्याच भागाची कथा एडवर्डच्या तोंडून आहे आणि ते पुस्तक पहिल्याहून जाड आहे; जीवशास्त्राचा तास ज्यांना पुरला नाही, त्यांनीच ते घ्यावे.

माझा सल्ला: दुसरा घ्या आणि तिथे थांबा. चौथा घ्यायचाच असेल तर अनामत रक्कम ठेवून घ्या, कारण तो माझ्याकडे फेकून दिल्याच्या खुणांसह परत आलेला आहे.

सरीवर सर

सर्वांचे आभार. काल रात्री साखळ्यांचे पान काढून पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात मी ते व्हॅनच्या घाईत ओलांडून गेले होते, एवढेच काय, साखळ्या कोणी बसवल्या हेही माझ्या लक्षात राहिले नव्हते. आमचे बाबा मी कामावर निघायच्या आत गाडीच्या आसनावरचे पाणी पुसून, वर जुना टॉवेल घालून ठेवत असत, ते आठवले आणि पुढे वाचवेना.

भाचीने दुसरा भाग आणून ठेवला आहे. ३० सप्टेंबरची मुदत उलटेपर्यंत तो कपाटाच्या वरच्या फळीवर राहील, कारण या महिन्यात आणखी दोन रात्री जागणे परवडणारे नाही. काल फक्त ती चार कोरी पाने उघडून पाहिली. फेब्रुवारीपासून पुढे ऑक्टोबरात वाचेन.